तार कोणी तोडायची?

देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. बालाजीचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. जिल्हा बुलढाणा असला, तरी गावाचा रोजचा ओढा जालन्याकडे. रेल्वे पकडायची तर जालना, माल न्यायचा तर जालन्याचा मोंढा. जालन्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर जिल्ह्याची हद्द येते. ही हद्द जुनी आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. तेव्हापासून अलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचा मराठवाडा असा प्रकार झाला. अलीकडे इंग्रजी रुपया, पलीकडे हाली शिक्का. १९४८ साली हैद्राबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि हद्दीचा दगड नुसता दगड उरला.

नोव्हेंबर २०२३ च्या आरंभी या दगडाला पुन्हा थोडा अर्थ आला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे केंद्र जालना जिल्ह्यातले अंतरवाली सराटी हे गाव होते. आंदोलन पेटले तेव्हा शासनाने जालना जिल्ह्यातील इंटरनेट बंद केले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत ते पुन्हा काही तास बंद राहिले. या तीनांत बुलढाणा नव्हता. म्हणजे कागदावर तरी हद्दीच्या अलीकडे नेट चालू आणि पलीकडे बंद.

आम्ही या घटनेकडे आंदोलनाच्या अंगाने पाहणार नाही. तो विषय वेगळा आहे. आम्हाला प्रश्न पडला तो असा: संदेशाची वाट बंद करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे काय? इतिहास चाळला तर उत्तर मिळते, की मुळीच नाही. मात्र त्या इतिहासात एक गंमत दडलेली आहे. पूर्वी वाट तोडणारे आणि राखणारे आज आपापल्या जागा बदलून बसले आहेत. हे कसे झाले ते पाहू.

बंद होते म्हणजे काय होते?

आधी थोडे विज्ञान. नेट बंद झाले की मोबाइलचे मनोरे कोणी पाडत नाही, की त्यांची वीजही तोडत नाही. फोनवर सिग्नलच्या काड्या दिसतात, बोलणे होते, साधा एसएमएसही बहुधा येतो. मग बंद काय होते? फोनने एखादे पान मागितले की ती मागणी जवळच्या मनोऱ्यावरून कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते आणि तेथून पुढे जगभरच्या जाळ्यात शिरते. या मध्यवर्ती ठिकाणी एक दार आहे असे समजा. शासनाचा आदेश आला की कंपनी त्या भागातल्या मनोऱ्यांची यादी करते आणि त्यांच्याकडून येणाऱ्या मागण्यांना हे दार बंद ठेवते. ४जी आल्यापासून आपला आवाजही आकड्यांच्या पुडक्यांतूनच जातो, पण त्याची वाट वेगळी ठेवलेली असते. म्हणून दार लागले तरी बोलणे चालू राहते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, जिल्ह्याची हद्द महसूल खात्याच्या नकाशावर असते, विद्युतचुंबकीय लहरींना ती ठाऊक नसते. मनोऱ्याची लहर काही किलोमीटर पोहोचते. त्यामुळे हद्दीवरच्या गावात एखाद्याचा फोन पलीकडच्या मनोऱ्याला जोडला जाऊ शकतो, आणि आदेशात नाव नसलेल्या जिल्ह्यात नेट अडते किंवा नाव असलेल्या जिल्ह्यात ते मिळते. दुसरी गोष्ट अशी, की एवढी मोठी कृती आता अगदी सोपी झाली आहे. एक आदेश निघतो, काही कंपन्यांचे अधिकारी काही सूचना देतात आणि लाखो माणसांची वाट एका तासात बंद होते. पूर्वी हे इतके सोपे नव्हते.

१८५७: तार सरकारची

हिंदुस्थानात विजेच्या तारेचे प्रयोग केले ते विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ प्रायोगिक तार टाकली. १८५४ पासून तारयंत्र सर्वांना खुले झाले. १८५६ पर्यंत सुमारे ४,००० मैलांच्या तारा टाकून झाल्या होत्या. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही ठाणी एकमेकांशी जोडली गेली होती.

१० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला संदेश गेला आणि तेथून पंजाबातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना सावध होता आले. उठावकऱ्यांना तारेचे महत्त्व लवकर कळले. त्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, खांब उपटले. इंग्रज सरकारने त्या पुन्हा जोडल्या आणि राखल्या. त्याच वर्षी जून महिन्यात सरकारने छापखान्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. छापील शब्द लोकांचा होता म्हणून तो दाबला; तार सरकारची होती म्हणून ती जपली.

आणि लोकांचे काय? त्यांचे संदेश तारेने जातच नव्हते. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव पोळ्या फिरत होत्या. त्यांचा नेमका अर्थ काय, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण तारेची मदत न घेता त्या वेगाने फिरल्या, एवढे नक्की. बातमी आणि अफवा दोन्ही पायी चालत होत्या. तारा तुटल्या तेव्हा गावातल्या माणसाचे काहीच अडले नाही. अडले ते सरकारचे.

खामगावचा कापूस

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी महत्त्व आले. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव पूर्वी बोटीने काही आठवड्यांनी कळत असे, तो आता तारेने कळू लागला.

वऱ्हाडचा माणूस दूरच्या तारेला बांधला गेला तो येथे, पहिल्यांदा. तरी ही गाठ व्यापाऱ्याची होती. शेतकऱ्याला भाव कळायचा तो बाजारात गाडी उभी केल्यावर, व्यापाऱ्याच्या तोंडून. तार चार दिवस बंद राहिली असती तर व्यापाऱ्याचे नुकसान झाले असते. शेतकऱ्याच्या घरी पीठ, मीठ आणि तेल यांतले काहीच तारेवर लटकलेले नव्हते. त्याच्या घरी तार येई ती आयुष्यात एकदोनदा. 'तार आली' एवढे शब्द ऐकले तरी घरात रडारड सुरू व्हायची, कारण तार म्हणजे बहुधा कोणाच्या तरी मृत्यूची बातमी. हे आपल्या आजोबा-आजींनी सांगितलेले वाचकांना आठवत असेल.

१८८५ चा कायदा

या परिस्थितीत १८८५ साली 'इंडियन टेलिग्राफ ॲक्ट' झाला. त्याच्या पाचव्या कलमाने सरकारला अधिकार दिला: सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटले, तर कोणताही संदेश अडवावा, उघडून पाहावा किंवा पुढे पाठवू नये. १८५७ चा धडा सरकार विसरले नव्हते. तारेवर ताबा म्हणजे देशावर ताबा, हे त्याला पटले होते.

कायदा परकीयांचा होता हे खरे. पण आम्हाला येथे दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी तार होती, तिच्यातून फक्त संदेश जात. एखादा संदेश अडवला तर एका माणसाची एक गोष्ट अडली. या तारेतून पुढे कधी कोणाचे धान्य, मजुरी किंवा परीक्षेचा अर्ज जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसणार.

१९४२: पुन्हा तारा तुटतात

ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले आणि चळवळ लोकांच्या हाती आली. साताऱ्यासह देशभर तारा तोडल्या गेल्या, रूळ उखडले गेले, टपाल कचेऱ्यांवर हल्ले झाले. पुन्हा तेच चित्र दिसले: लोक तोडत होते आणि सरकार पहारा देत होते.

मात्र याच वेळी मुंबईत एक नवी गोष्ट घडली. वृत्तपत्रांवर बंधने होती आणि आकाशवाणी सरकारची. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभारला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचे पहिले प्रसारण झाले. प्रक्षेपक सापडू नये म्हणून तो जागोजागी हलवत राहावे लागे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला आणि उषाताईंना तुरुंगवास झाला. जेमतेम अडीच महिने चाललेले हे केंद्र इतिहासात राहिले, कारण येथे लोकांनी सरकारची तार तोडली नाही, तर स्वतःची वाट तयार केली. संदेशाची वाट लोकांनाही हवी असते, याची ही ठळक नोंद आहे.

जागा कशा बदलल्या?

स्वातंत्र्यानंतर १८८५ चा कायदा तसाच राहिला. पुढे त्याच्या पाचव्या कलमात काही कारणे नेमकी लिहिली गेली, पण गाभा तोच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार गेली, तारेचा कायदा राहिला.

२०१५ साली गुजरातेत पाटीदार आंदोलनाच्या वेळी मोबाइल इंटरनेट बंद झाले. तेव्हा जमावबंदीचे कलम १४४ वापरले गेले होते आणि गुजरात उच्च न्यायालयाने ते मान्य केले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने टेलिग्राफ कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम काढले. असा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने द्यावा आणि समितीने तो तपासावा, असे त्यांत ठरले. महाराष्ट्रातही ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत, नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद झाले. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेले ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आले. मणिपुरात मे २०२३ पासून ते अनेक महिने बंद होते. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणूनही अनेक जिल्ह्यांत ते बंद ठेवले गेले. म्हणजे थोड्या लोकांच्या कॉपीसाठी सर्वांचे दुकान बंद. आपल्या परदेशातील बंधूंचाही अनुभव निराळा नाही. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने जवळजवळ सारा देश जाळ्याबाहेर काढला आणि पाच दिवसांनी परत जोडला.

आता १८५७ आणि १९४२ चे चित्र आठवा. तेव्हा लोक तार तोडत आणि सरकार ती जोडत असे. आज सरकार तोडते आणि लोक ती जोडा म्हणतात. असे का व्हावे? उत्तर सरकारच्या स्वभावात शोधण्यापेक्षा तारेवर कोण विसंबून आहे, यात शोधावे. तेव्हा तारेवर सरकार विसंबून होते. आज सारा समाज विसंबून आहे. ज्याचे तारेवाचून अडते, त्याच्याविरुद्ध तार हे हत्यार होते.

देऊळगाव राजाचा एक दिवस

हे विसंबणे किती खोल गेले आहे ते ताडून पाहू. पुढील चित्र कल्पनेचे आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. फुलांचे परागीकरण हाताने करावे लागते, त्याला मजूर लागतात. मजुरी हल्ली मोबाइलवरून दिली जाते. रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो आणि अंगठ्याची खातरजमा दूरच्या संगणकावर होते. सातबारा काढायचा, पीक पाहणी नोंदवायची, पीकविमा भरायचा, सगळे नेटवर. २०१६ साली यूपीआय आले आणि चहाच्या टपरीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला. बालाजीच्या यात्रेत येणारा फुगेवाला देखील तो गळ्यात अडकवून फिरताना दिसतो. आणि आपण शिक्षक? यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगाराचे बिल यांतले काय नेटवाचून होते ते प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे.

नेट बंद झाले की या माणसांवर भार सारखा पडत नाही. ज्याच्या घरी पैसे आहेत, तो दोन दिवस काढतो. बँका व मोठ्या कचेऱ्या यांच्या स्वतंत्र तारा पुष्कळदा चालू राहतात, कारण बंदी बहुधा मोबाइल इंटरनेटवर असते. अडतो तो रोजंदारीवाला, कारण त्याचे नेट म्हणजे त्याच्या हातातला फोनच. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, पण तो भरायचे पान उघडत नाही. दाराची किल्ली हातात आहे आणि दारच जागेवर नाही, अशी ही अवस्था.

दुसरी बाजू

शासनाची भीती निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. पाच माणसे पुन्हा येत नाहीत. अशा वेळी अधिकाऱ्याला नेट बंद करावेसे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे.

पण दोन प्रश्न उरतात. बंदीने अफवा थांबते का? १८५७ च्या पोळ्यांना नेट लागले नव्हते. नेट बंद असले की अफवा तोंडोतोंडी जाते आणि ती खोटी आहे हे सांगण्याची वाट मात्र बंद होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या यान रिझाक यांनी २०१९ साली भारतातील घटना तपासून मांडले, की बंदीच्या काळात हिंसक घटना कमी न होता वाढल्याचे दिसते. एका अभ्यासाने निकाल लागत नाही, पण 'बंदी म्हणजे शांतता' हे गृहीत धरता येत नाही एवढे खरे. दुसरा प्रश्न असा, की याहून लहान उपाय आहे का? राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वाट बंद न करता वेग कमी करणे हाही उपाय असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला. काश्मीरमधील पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की इंटरनेटवरून बोलणे व व्यवसाय करणे यांना घटनेचे संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही. ती गरजेपुरतीच असावी आणि तिचा आदेश प्रसिद्ध करावा. त्याच वर्षी एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली गेली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले होते. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला. त्याच्या विसाव्या कलमात सेवा बंद करण्याचा अधिकार आहेच, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखाली नवे नियम आले. १८८५ च्या पाचव्या कलमाचा वंश असा चालू आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

इतिहासाच्या तासाला हा विषय घ्यावा असे आम्हाला वाटते. आठवी ते बारावीच्या मुलांना पुढील गोष्ट करायला सांगावी. घरातल्या एका दिवसाच्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: नेट नसेल तर हे काम 'चालेल', 'अडेल' की 'थांबेल'? मग हीच यादी आजी-आजोबांना दाखवून विचारा, तुमच्या लहानपणी तार बंद पडली असती तर यांतले काय थांबले असते? दोन याद्या शेजारी ठेवल्या की दीडशे वर्षांचा इतिहास वहीच्या एका पानावर दिसेल.

'थांबेल' असे लिहिलेल्या कामांवर पुढे बोलता येईल. त्याला दुसरी वाट आहे का? इंटरनेटशिवाय साध्या फोनवरून *९९# लावून पैसे पाठवता येतात, हे किती जणांना ठाऊक आहे? घरच्यांचे, दवाखान्याचे, शाळेचे फोन नंबर कागदावर लिहिलेले आहेत का? शाळेच्या हजेरीची आणि निकालाची कागदी प्रत आहे का? अभियंता पूल बांधताना एका खांबावर सगळा भार टाकत नाही. समाजाची रचना करतानाही तीच काळजी घ्यायला हवी.

दुसरी तयारी नागरिकाची. नेट बंद झाले तर आदेश कोणी काढला, कोणत्या कारणाने, किती वेळासाठी आणि किती भागासाठी, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. न्यायालयाने आदेश प्रसिद्ध करा असे म्हटले ते याचसाठी. मुलांना हे चार प्रश्न पाठ असावेत. हद्दीच्या अलीकडे असोत वा पलीकडे, ते त्यांच्या उपयोगी पडतील.